पुणे ते लोणार गाडीने : लेणी आणि ज्वालामुखीचा खडक एकाच फेरीत कसा बघावा?

मीनल_कोथरूड

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं गाडी घेऊन निघतोय. मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त आहे. कैलास लेणं एकदा डोळ्यांनी बघायचं, हे त्या कितीतरी वर्षं म्हणतायत.

मुलाचं वेड वेगळंच. त्याला दगड लागतात. त्याच्या टेबलावर पुस्तकं कमी आणि टेकडीवरून वेचून आणलेले दगड जास्त. शाळेत दख्खनचं पठार शिकवल्यापासून त्याचं एकच चालू आहे : "आई, एवढा सगळा लाव्हा बाहेर आला, तर त्या ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे? ते दाखव." मला उत्तर देता येत नाही आणि त्याला थातुरमातुर काही सांगायची इच्छा नाही.

म्हणून ही फेरी दोघांसाठी आहे. आजीला लेणी, नातवाला खडक. आमच्या डोक्यात जुन्नर, सिन्नर, वेरूळ, देवगिरी, अजिंठा आणि शेवटी लोणार असा रस्ता आहे. पाच-सहा दिवस आहेत. लोणार म्हणजेच ते ज्वालामुखीचं तोंड, असं एका नातेवाइकांनी मुलाला सांगितलंय. ते खरं आहे का? आणि हा क्रम बरोबर आहे का? नुसते फोटो काढून पुढच्या ठिकाणी पळायचं नाहीये. कुठे थांबून काय बघावं, ते जाणकारांनी सांगावं.

---

शिवनेरीच्या_पायथ्याशी

ताई, जुन्नरला एक मुक्काम कराच. लोक शिवनेरी करून अर्ध्या दिवसात निघून जातात आणि मला फार वाईट वाटतं. जुन्नरच्या आजूबाजूच्या डोंगरांत दोनशेहून जास्त कोरीव लेणी आहेत. एका तालुक्यात!

सासूबाईंसाठी लेण्याद्रीला डोली मिळते. पायऱ्या पावणेतीनशेच्या वर आहेत, त्यामुळे संकोच न करता डोली करा. गिरिजात्मजाचं देऊळ मुळात बौद्ध विहार, म्हणजे भिक्खूंचं राहण्याचं लेणं आहे. एवढा मोठा मंडप, पण मधे एकही खांब नाही. त्याच्या शेजारचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, बघितल्याशिवाय खाली उतरू नका, बहुतेक भाविक गणपतीचं दर्शन घेऊन तसेच परततात.

पाय चालणाऱ्यांनी तुळजा लेणी बघावीत. तिथलं एक चैत्यगृह गोल आहे, मधोमध स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांब. असं आपल्याकडे फारच कमी ठिकाणी सापडेल. आणि शिवनेरी तर आहेच. २०२५ साली आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत तो आहे. वर गेलात तर गंगा-जमुना टाकी चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर नाणेघाट. जुन्नरहून तासभर लागतो. गुहेतला ब्राह्मी लेख सातवाहन राणी नागनिकेचा, त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे, आकडे कोरलेले आहेत. आपल्याकडच्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ते धरले जातात. आजींना गाडीतून उतरून जकातीच्या जुन्या दगडी रांजणापर्यंत आरामात जाता येईल, घाटाच्या अरुंद नळीत मात्र उतरू नये.

---

विहीरवाला_सिन्नर

मीनलताई, तुमच्या मुलाचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसलो. आमचा धंदा विहिरी खोदायचा, वडिलांपासूनचा. जमिनीखाली काय आहे याचा विचार करण्यातच आयुष्य चाललंय, तेव्हा सविस्तर लिहितो.

आधी त्याचं उत्तर. लोणार हे ज्वालामुखीचं तोंड नाही. ते उल्का आदळून झालेलं विवर आहे, आणि आदळली तेव्हा हा बसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा खडक, केव्हाच थंड होऊन बसला होता. आपला लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, लोणार त्यामानाने अगदी अलीकडचं. मग तोंड कुठे? शंकूसारखा डोंगर आणि वर खड्डा, असं चित्र पुस्तकात असतं, ते आपल्याकडे शोधू नये. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ रस वर येऊन मैलोन्‌मैल पसरला. थर थंड झाला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आज जेवढं उरलंय त्याचं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. शेवटी भेगेतच जो रस गोठला, तो भिंतीसारखा उभा राहिला. आजूबाजूचा खडक झिजला की अशी भिंत उघडी पडते. तिला भूशास्त्रवाले डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती मैलभर लांब पसरलेल्या दिसतात. तुमच्या रस्त्यावर संगमनेर परिसरातही आहेत. शेतांच्या मधून एक सरळ, दगडांची, उंचवट्याची रांग गेलेली दिसली आणि दोन्ही बाजूंना सपाट रान असलं, तर गाडी थांबवा आणि त्याला सांगा, तू विचारत होतास ते तोंड असं दिसतं.

आता माझं मुख्य म्हणणं. लेणी आणि खडक असे दोन वेगळे कार्यक्रम करू नका. आजी मूर्ती बघणार आणि नातू दगड बघणार, असं ठरवलंत तर दोघांचंही निम्मं राहून जाईल. ज्यांनी लेणी कोरली त्यांना थर वाचता येत होते. कुठल्या थरात छत टिकेल, कुठे पाणी पाझरेल, हे कळल्याशिवाय छिन्नी लावलेली नाही. आणि जिथे खडकाने साथ दिली नाही, तिथे काय झालं तेही डोळ्यांना दिसतं.

आमच्या भाषेत सांगतो. विहीर खणताना वर माती, मग मुरूम, मग खडक लागतो. खडकाचे मुख्य दोन प्रकार. एक काळा पाषाण : घट्ट, एकजीव, सुरुंगाशिवाय हलत नाही. दुसरा मांजऱ्या : बारीक-बारीक भोकांचा, भोकांत पांढरे-हिरवट दाणे भरलेले. रस थंड होताना त्यातली वाफ आणि वायू वर सरकतात, म्हणून प्रत्येक थराच्या माथ्याकडे भोकं जास्त आणि पोटात घट्ट पाषाण. दोन थरांच्या मधे बराच काळ गेला असेल तर वरचा भाग कुजून माती झालेली असते, आणि त्यावर पुढचा तप्त रस आल्यामुळे ती भाजून विटेसारखी लाल झालेली असते. घाटात रस्त्याच्या कापलेल्या कडेला काळ्या दगडांच्या मधे असा लाल पट्टा सहज दिसतो. मुलाला असे पट्टे शोधायला सांगा, घाट कधी संपला कळणार नाही. आमच्या दृष्टीने पाणी बहुतेक वेळा थरांच्या सांध्यात, मांजऱ्यात किंवा भेगांत. नुसत्या काळ्या पाषाणात कितीही खाली जा, कोरडंच.

हे डोक्यात ठेवून आता कैलास लेण्यात उभे राहा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. डोंगरात वरून तीन बाजूंनी चर खणले, मधे खडकाचा ठोकळा सोडला आणि त्याचं देऊळ केलं. कळसापासून पायाकडे. म्हणजे खाली काय निघणार आहे हे कळायच्या आतच शिखर कोरून झालेलं. विहिरीत आम्हीही वरूनच खाली जातो, पण आमचा अंदाज चुकला तर जागा बदलता येते. त्यांना ती सोय नव्हती. देवळाकडे बघून झालं की पाठीमागच्या उभ्या कड्याजवळ जा. तिथे छिन्नीच्या रेघा आहेत, वरून खाली तिरक्या उतरत गेलेल्या, जवळ-जवळ, एकसारख्या. हात लावू नका, पण डोळा जवळ न्या. दोन रेघांतलं अंतर बघा. एकेका घावात किती दगड निघाला असेल, हे तिथे कळतं. सासूबाईंना मधल्या अंगणात सावलीला बसवा, त्यांना तिथूनच पुष्कळ दिसेल. हत्ती आणि सिंह बसल्या जागेवरून त्यांच्या समोरच येतात.

वेरूळला दुपारनंतर जावं, लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत आणि उतरत्या उन्हात आतपर्यंत उजेड जातो. डोंगर उतरता असल्यामुळे तिथे लेण्यांपुढे अंगणं काढता आली. अजिंठ्याला वाघोरा नदीच्या वळणावर उभा कडा आहे, तिथे अंगणाला जागाच नाही, सरळ कड्याच्या पोटात शिरायचं. एकच खडक, पण डोंगराचा उतार बदलला आणि वास्तूची तऱ्हा बदलली.

देवगिरीलाही हेच बघा. किल्ल्याचा खडक खालून सभोवार तासून उभा केलाय आणि पायथ्याशी खंदक खोदलाय, तोही त्याच खडकात. घट्ट थर नसता तर तो कडा एवढी शतकं सरळ राहिला नसता. आजींना चांद मिनार आणि भारतमाता मंदिरापर्यंत न्या, पुढची चढण आणि अंधारी वाट त्यांच्यासाठी नाही.

सिन्नरला गोंदेश्वर बघा. आमच्या गावचं आहे म्हणून सांगत नाही. मधे मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान, पूर्ण पंचायतन एवढ्या चांगल्या स्थितीत कमी ठिकाणी राहिलंय. यादवांच्या काळातलं. बाहेरच्या भिंतीवर काही दगडांवरचं नक्षीकाम अजून धारदार आहे आणि शेजारच्याच दगडावरचं विरघळल्यासारखं झिजलंय. मुलाला विचारा, असं का? घट्ट पाषाण आणि भोकांचा दगड एकमेकांना लागून बसलेत, एवढंच उत्तर आहे, ते त्याला स्वतः शोधू द्या.

गावातच औद्योगिक वसाहतीत गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे, तिथे त्याला दोन तास सोडा. मांजऱ्याच्या भोकांत जे दाणे म्हटलं ना, ती पोकळी मोठी असली की आत केवढे स्फटिक वाढतात ते तिथे दिसतं. मोतिया रंगाचं स्टिल्बाइट, सुयांसारखं पांढरं स्कोलेसाइट, हिरवं ॲपोफिलाइट, आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींमुळे जगभर नाव झालेलं निळंशार कॅव्हनसाइट. आमच्या एका विहिरीत पाच परसावर (परस म्हणजे साधारण पुरुषभर खोली) सुरुंग उडवल्यावर धूर खाली बसला आणि कडेला एक पोकळी उघडी पडली होती. बॅटरी आत मारली तर सगळी भिंत हिरवट, पारदर्शक टोकांनी चमकत होती. काम करणारी माणसं टोपल्या ठेवून ओळीने बघायला आली. तो शेतकरी पाणी लागलं का म्हणून विचारत होता आणि आम्ही कोणी बोलत नव्हतो. पाणी पुढे दीड परसावर लागलं.

---

अंधेरीकर

मुलाला लाव्ह्यात रस असेल तर पुढे कधी मुंबईला आलात की गिल्बर्ट हिलला न्या. अंधेरीत इमारतींच्या गराड्यात बसाल्टचे उभे खांब आहेत, डोंगरच्या डोंगर खांबांचा. किंवा कोल्हापूरकडे गेलात तर पन्हाळा तालुक्यात बांदिवडे.

बाकी एक स्पष्ट मत. लोणार गाळा. संभाजीनगरहून जायला-यायला एक अख्खा दिवस जातो आणि शेवटी दिसतं काय तर तळं. तेवढ्यात निघोज होईल. पुण्याहून जवळ आहे, कुकडीच्या पात्रात पाण्याने काळ्या खडकात खोदलेले रांजणखळगे आहेत, आजींना झुलत्या पुलावरूनही बघता येतील. लहान मुलांना तिथे जास्त मजा येते.

---

लोणारची_लेक

अंधेरीकर दादा, निघोज सुंदरच आहे, पण लोणार गाळा म्हणू नका. माझं माहेर लोणारचं. एवढ्या लांब येऊन लोक काठावरून पाच मिनिटं बघतात आणि "तळंच तर आहे" म्हणून जातात, हे लहानपणापासून ऐकतेय. ताई, तुम्ही तसं करू नका म्हणून लिहितेय.

कडेवर उभं राहिलं की समोरची कड सुमारे पावणेदोन किलोमीटरवर असते. एवढा मोठा वाडगा एका आघातात झाला. बसाल्टमध्ये झालेलं आणि इतकं चांगलं टिकलेलं असं विवर जगात दुसरीकडे दाखवता येत नाही, म्हणून चंद्रावरचे आणि मंगळावरचे खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ आमच्या गावात येतात. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद केली. त्याआधीपासून आमच्याकडे लवणासुराची कथा आहेच, आणि गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्या कथेचं. ते नक्की बघा. बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं सावकाश बघायची आहेत, आजींना गाडीतून उतरलं की लगेच देऊळ, चढ नाही.

तळ्याचं पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा सगळीकडे बातम्या झाल्या, ते मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. आणि या खाऱ्या तळ्याच्या उतारावरच गोड्या पाण्याची धार आहे, गोमुखातून पडते, उन्हाळ्यातही. आजी धारेजवळ हात-पाय धुतील, खूश होतील. थोड्या पायऱ्या आहेत, हाताला धरून न्या.

खाली उतरायचं असेल तर सकाळीच. जंगल दाट आहे, अभयारण्य आहे, बिबट्याचा वावर आहे, अंधार पडायच्या आत वर यायलाच हवं. अलीकडे तळ्याचं पाणी बरंच वाढलंय आणि काठावरच्या काही देवळांकडची वाट पाण्यात जाते. त्यामुळे मोबाईलमधल्या जुन्या नकाशावर विसंबू नका. स्थानिक वाटाड्या घ्या. तो कमळजादेवीकडची वाट कुठवर मोकळी आहे ते सांगेल.

येताना सिंदखेडराजाला थांबा. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा राजवाडा आणि त्यांची समाधी. समृद्धी महामार्गाला लागूनच आहे. डिसेंबरात शांतपणे बघता येईल, १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला मात्र पाय ठेवायला जागा नसते.

---

विहीरवाला_सिन्नर

लोणारच्या ताईंशी मी शंभर टक्के सहमत. अंधेरीकर साहेब, मुलाने प्रश्न तोंडाचा विचारलाय, आणि तोंड नसलेला खड्डा बघितल्याशिवाय त्याला फरक कळणार नाही. लोणारच्या कडेवर आडवे थर बाहेरच्या बाजूला उचललेले, वाकलेले दिसतात. लाव्हा असा उभा राहत नाही. आघाताने ते आतून बाहेर जोराने ढकललं गेलंय. तळ्यात बोअर घेतले तेव्हा गाळाखाली आघाताने चिरडलेला बसाल्ट निघाला, आणि त्यात मास्केलिनाइट नावाची काच. फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड दाब बसला तरच ती बनते, ज्वालामुखीत बनत नाही. माझ्यासारख्याला हा पुरावा फार आवडतो. वरून कितीही वाद घाला, बोअरमधून जे निघालं ते निघालं.

निघोज वेगळ्या सुट्टीत करा. एका दिवसात होतं.

---

मीनल_कोथरूड

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! घरी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई म्हणतायत, विहीरवाले काका वेरूळला आमच्याबरोबर येतील का विचार. मुलाने वहीत "मांजऱ्या" आणि "लाल पट्टा" लिहून ठेवलंय.

दोन-तीन शंका. एक, अजिंठ्याला खडकाच्या बाजूने काय बघायचं? चित्रं बघण्यातच सगळा वेळ जाईल असं वाटतंय. दुसरं, पितळखोऱ्याचं नाव वाचलं, ते रस्त्यात येतं का? तिसरं, मुलाला दगड गोळा करू द्यावेत का?

---

विहीरवाला_सिन्नर

ताई, आजींना माझा नमस्कार सांगा. त्या दिवसांत कामं जोरात असतात, नाहीतर आलो असतो.

शेवटच्या शंकेपासून सुरू करतो. लेण्यांच्या आवारातून, किल्ल्यावरून आणि लोणारच्या विवरातून एक खडाही उचलायचा नाही. पुरातत्त्व खातं आणि वनखातं यांची जागा आहे, कायदा आहे, आणि कायदा नसता तरी उचलू नये. पण सिन्नर भागात रस्त्याच्या कडेला नव्या विहिरींच्या मालाचे ढीग असतात. शेतकऱ्याला विचारा, तो हसून हो म्हणेल, चहाही देईल. त्या ढिगात मुलाला हव्या तेवढ्या भोकांच्या चकमकत्या कपच्या मिळतील. विहिरीच्या कठड्यापासून मात्र लांब उभं राहायचं, आत डोकावायचं तर मालक बरोबर असतानाच. जुन्नरला जाताना मंचर परिसरातल्या काही थरांत फेल्डस्पारच्या लांबट पांढऱ्या पट्ट्या उमटलेल्या दिसतात, बोटाच्या दोन-दोन पेरांएवढ्या. लाव्हा जमिनीखाली साठून हळूहळू थंड होत होता तेव्हा त्या वाढल्या. बांधावरच्या दगडांतही दिसतील.

अजिंठा. चित्रं तर बघाच, १, २, १६ आणि १७ क्रमांकाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. पण मुलाला आधी २४ क्रमांकात न्या. ते अर्धवट राहिलंय, म्हणून बहुतेक लोक तिथे फिरकत नाहीत. मला ते फार आवडतं. छत आधी, मग खांबांचे ठोकळे, मग जमीन, असं काम कसं उतरत गेलं ते त्या अर्धवटपणातच दिसतं. तो क्रम डोक्यात बसला की पूर्ण झालेली लेणी वेगळी दिसायला लागतात.

मग चित्रांच्या भिंतीकडे या. जिथे रंग पडलाय तिथे बघा. भिंत मुद्दाम खरबरीत ठेवलीय. त्यावर माती, भाताचा कोंडा, गवताचे तंतू असा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि मग रंग. रंगांत पिवळा आणि तांबडा गेरूचा, काळा काजळीचा. हिरवा कुठून आला? याच बसाल्टच्या भोकांत हिरवं मातकट खनिज भरलेलं असतं, तेच कुटून. सिन्नरच्या ढिगात मुलाला जे हिरवे दाणे सापडतील ना, ते त्याच जातीचे. ते खिशात ठेवून त्याने अजिंठ्याचा हिरवा बघावा. निळा मात्र इथला नाही, तो लाजवर्द नावाच्या दगडाचा, अफगाणिस्तानाकडून व्यापाऱ्यांबरोबर आलेला. म्हणून चित्रांत निळा जिथे आहे तिथे थांबावं, तो किती लांबून आलाय. फ्लॅश मारायचा नाही हे सांगायला नको.

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून पुढे तिथल्या बसने जावं लागतं. पायथ्याशी डोलीवाले असतात, सासूबाईंसाठी दर आधी ठरवून घ्या. पाय चालणाऱ्यांनी समोरच्या डोंगरावरच्या पॉइंटवर जावं. तिथून नालेच्या आकाराचा सगळा कडा एका नजरेत येतो आणि लेण्यांच्या वर-खाली गेलेल्या थरांच्या आडव्या रेषा स्पष्ट दिसतात. १८१९ मध्ये जॉन स्मिथ शिकारीला आला आणि ही लेणी पुन्हा उजेडात आली, त्याने आपलं नाव दहाव्या लेण्यात खरवडून ठेवलंय. ते बघून मला दर वेळी राग येतो.

पितळखोरा. कन्नडजवळ, गौताळ्याच्या जंगलात, वेरूळहून जाता येतं. पण आजींसाठी नाही. दरीत बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात आणि परत चढाव्या लागतात. एक दिवस सासूबाई आणि तुम्ही खोलीवर आराम करणार असाल आणि बाप-लेक जाणार असतील, तर मी म्हणेन जरूर जा. कारण खडकाने साथ दिली नाही तर काय होतं, ते तिथे दिसतं. खडक कुजका, दर्शनी भाग कोसळलेले, खांब पडलेले. इतकं असूनही कोरणाऱ्यांनी काय केलं बघा. वरून झिरपणारं पाणी लेण्यात शिरू नये म्हणून त्यांनी खडकाच्या आतून पन्हळी काढल्या. पायऱ्यांजवळ एक नाग कोरलाय, त्याच्या फण्यांतून ते पाणी बाहेर सोडायची योजना. म्हणजे ज्या पाझराने लेणं खाल्लं असतं, त्याचीच शोभा केली. पाण्याच्या मागे फिरणाऱ्या माणसाला याहून मोठं काम दाखवता येणार नाही. तिथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याच्या हातावर तो कण्हदास नावाच्या सोनाराने केल्याचं कोरलंय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव असं हातात यावं, यासारखं भाग्य नाही.

संभाजीनगरात वेळ उरला तर पाणचक्की. लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जातं फिरवलंय. आजींना तिथे बसायला गारवा आहे.

---

शिवनेरीच्या_पायथ्याशी

काका, एक राहिलं. नारायणगाव-आळेफाट्याच्या बाजूला बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. ती राख आपल्या लाव्ह्याची नाही, इंडोनेशियातल्या सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीची. वाऱ्याबरोबर इथवर आली आणि नदीच्या गाळात अडकली. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथे खूप काम केलंय, दगडी हत्यारंही सापडलीत. तिचं वय नक्की किती, सुमारे ७५ हजार वर्षं की त्याहून खूप जास्त, यावर अभ्यासकांत वाद आहे. मुलाला हे नक्की आवडेल. गावात विचारून जा, कुकडीच्या काठाला उकरू नका.

---

विहीरवाला_सिन्नर

वा, हे छान आठवलंत. आपला लाव्हा पातळ, वाहत गेलेला. तो टोबा स्फोट होऊन आभाळात उडालेला. एकाच तालुक्यात दोन्ही तऱ्हेचे ज्वालामुखी हाताशी आहेत.

---

मीनल_कोथरूड

ठरलं. शनिवारी निघून जुन्नर, वाटेत बोरी. रविवारी सकाळी नाणेघाट, दुपारी सिन्नर, रात्री समृद्धीने वेरूळ. सोमवारी वेरूळ आणि देवगिरी. मंगळवारी अजिंठा. बुधवारी सिंदखेडराजामार्गे लोणार, तिथे मुक्काम. गुरुवारी सकाळी विवर आणि मग पुणे. पितळखोरा या वेळी सोडतोय, बाप-लेकांना त्यासाठी वेगळं पाठवीन. चालेल ना?

---

लोणारची_लेक

एकदम बरोबर. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, तुमचा क्रम दोन्हींना जुळतोय, तो उलटा करू नका. नाताळच्या आठवड्यात लोणारला राहण्याच्या जागा मोजक्या असतात, आजच फोन करून ठेवा. गुरुवारी उजाडल्या-उजाडल्या विवरात उतरा, दहापर्यंत वर या आणि मग निघा. पुण्याला पोचायला पूर्ण दिवस जाईल, संध्याकाळचं दुसरं काही ठरवू नका.

---

विहीरवाला_सिन्नर

रविवारी सिन्नरला दुपारी चारच्या आत या ताई, संग्रहालयाची वेळ आधी फोनवर विचारून घ्या. गोंदेश्वराजवळ आलात की इथे मेसेज टाका. जवळच एका मळ्यात काम चालू असेल, मुलाला विहिरीचे थर कडेवरून दाखवतो आणि हिरव्या दाण्यांची एक कपची हातात देतो. ती घेऊनच त्याने अजिंठ्याला जावं.